पहिले प्रेम आणि मधली वर्षे

तारुण्याच्या उंबरठ्यावर ज्या व्यक्तीवर जीव जडला आणि घरच्यांच्या विरोधामुळे, दारिद्र्यामुळे किंवा केवळ स्वतःच्या भीरुतेमुळे जिची साथ सुटली, ती व्यक्ती दहा, वीस किंवा चाळीस वर्षांनी पुन्हा समोर उभी राहिली असता त्या जुन्या अनुरागाला नवे आयुष्य लाभू शकते काय, आणि लाभायचे तर ते कोणत्या अटींवर, हा प्रश्न वाङ्मयाइतकाच संसाराचाही आहे. शाळेच्या एखाद्या जुन्या तुकडीचे स्नेहसंमेलन भरते, पन्नाशी ओलांडलेली माणसे एकमेकांना नावानिशी ओळखण्याची धडपड करतात, आणि त्या गर्दीत कोणीतरी कोणाला तरी, तू अजिबात बदलली नाहीस, असे म्हणून जाते. हे वाक्य प्रेमाने उच्चारलेले असते यात संशय नाही; तथापि या विषयावरील उत्तमोत्तम ग्रंथ एकापुढे एक ठेवून वाचले असता माझे मत असे झाले आहे, की पुनर्मीलनाच्या मार्गातील खरा धोका याच वाक्यात आहे, आणि ज्यांना पहिल्या दृष्टिक्षेपात समोरचे माणूस ओळखूच येत नाही, त्यांनाच पुढे त्याची नीट ओळख पटण्याचा संभव अधिक असतो.

आपल्या प्राचीन वाङ्मयापासून आरंभ करू. नल-दमयंती, दुष्यंत-शकुंतला आणि राम-सीता या तिन्ही कथांचा प्राण वियोगानंतरच्या भेटीत आहे, आणि तिन्ही कथांत ती भेट अनोळखीपणाच्या पडद्याआडून होते. विदर्भाच्या राजकन्येला आपला पती कुरूप सारथ्याच्या वेषात भेटतो. तो नलच आहे असा तर्क मनात येऊनही ती त्याच्यापुढे धावत जात नाही, दासीकरवी त्याच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवते, त्याने रांधलेल्या अन्नाचा घास मागवून त्याची चव घेते, मुलांना त्याच्याकडे पाठवून त्याच्या डोळ्यांत पाणी येते की नाही याची खातरजमा करून घेते, आणि मगच त्याला समोर बोलावते. अरण्यात अर्ध्या वस्त्रानिशी निजलेली असता सोडून गेलेल्या माणसाची इतकी चौकशी करण्याचा तिला पूर्ण अधिकार होता, आणि व्यासांनी तो तिला मोकळ्या हाताने दिला आहे.

कालिदासाचे शाकुंतल मराठी माणसाला अधिक परिचित, कारण १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी त्याचेच रूपांतर रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचा पाया बळकट केला. शाकुंतलाचे आपण सहसा स्मरण करतो ते पहिल्या चार अंकांसाठी. सातवा अंक मात्र पुरेशा आस्थेने वाचला जात नाही अशी माझी तक्रार आहे. मारीच ऋषींच्या आश्रमात दुष्यंत येतो तेव्हा मधला काळ किती लोटला हे सांगावयास कालिदासाला आकड्याची गरज भासत नाही. सिंहाच्या छाव्याला ओढून त्याचे दात मोजू पाहणारे एक धीट बालक तो पुढे करतो, आणि तेवढ्याने वाचकाचा हिशेब पुरा होतो. शकुंतला येते ती मळकट वस्त्रांत, एकवेणी, व्रतांनी कृश झालेली. आणि पश्चात्तापाने निस्तेज झालेल्या राजाला पाहून हे आपले पती दिसत नाहीत, मग माझ्या मुलाला स्पर्श करणारा हा कोण, अशी शंका तिला प्रथम येते. राजा तिच्या पायांवर लोळण घेतो. पुढे तो मुद्रिका तिच्या बोटात घालू पाहतो, तेव्हा आपला त्या अंगठीवर विश्वास नाही, ती राजानेच घालावी, असे ती त्याला सांगते. क्षमा केलेली असते, सहवास पुनः स्वीकारलेला असतो, परंतु ज्या वस्तूच्या भरवशावर पहिले प्रेम उभे होते ती वस्तू पुनः अंगावर घेण्यास ही स्त्री तयार नाही. मूळ महाभारतातील राजाला सारे आठवत असूनही तो लोकापवादाच्या भयाने नाकबूल जातो. कालिदासाने दुर्वासाचा शाप योजून नायकाचा दोष हलका केला, हे नाट्याच्या दृष्टीने समर्थनीय असले तरी शकुंतलेच्या तोंडचे ते एक वाक्य ठेवून त्याने न्यायाची बाजूही राखली आहे.

पण या विषयाचा सर्वांत थोर ग्रंथ कोणता असे मला कोणी विचारले, तर मी भवभूतीच्या उत्तररामचरिताकडे बोट दाखवीन. भवभूती मूळचा विदर्भातील पद्मपूरचा, आणि त्याने आपल्या नाटकाचा तिसरा अंक पंचवटीच्या परिसरात बसविला आहे, म्हणजे दोन्ही अर्थांनी तो आपल्या भूमीचा. बारा वर्षांपूर्वी टाकलेली सीता भागीरथीच्या प्रभावाने अदृश्य होऊन तमसा या नदीदेवतेबरोबर त्या अरण्यात येते. मुलांचा बारावा वाढदिवस असतो. आणि त्याच दिवशी राम तेथे येतो. तिला तो दिसतो, त्याला ती दिसत नाही. तो मूर्च्छित पडतो आणि तिच्या स्पर्शाने शुद्धीवर येतो, हा प्रसंग बहुतेकांना ठाऊक आहे. मला त्याहूनही मोलाचा वाटतो तो हत्तीचा प्रसंग. वनवासात सीतेने सल्लकीचे कोवळे शेंडे भरवून वाढविलेले हत्तीचे पिल्लू आता सहचारिणीसह वावरणारा तरणाबांड गज झाले आहे आणि दुसऱ्या मदोन्मत्त हत्तीशी झुंजून जिंकते आहे. त्याला पाहून सीतेला अभिमान वाटतो आणि लगेच तिच्या मनात येते, की हा एवढा झाला, तर एवढ्या काळात माझे कुश-लव केवढे झाले असतील. वियोगाची बारा वर्षे म्हणजे रिकामी जागा नव्हे, त्या वर्षांत झाडे वाढली, प्राणी वाढले, मुले वाढली, आणि त्या वाढीला दोघांपैकी एकजण किंवा दोघेही मुकले, ही जाणीव इतक्या साध्या रीतीने दुसऱ्या कोणा कवीने दिल्याचे माझ्या वाचनात नाही. शिवाय शेवटच्या अंकात भवभूती दोघांना एकांतात एकत्र आणीत नाही. ज्या प्रजेच्या अपवादामुळे ताटातूट झाली, त्या प्रजेसमक्ष वसिष्ठपत्नी अरुंधती सीतेची शुद्धता उच्चारते आणि लोक तिला वंदन करतात. तेव्हाच राम-सीतेचा संसार पुनः मांडला जातो. ज्यांनी तोडले त्यांनीच जोडण्याला संमती द्यावी, हा त्या अंकाचा आशय मला आजही जिवंत वाटतो.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. ही तिन्ही जोडपी विवाहित आहेत. विवाहापूर्वीच तुटलेले पहिले प्रेम आणि त्याचा उत्तरकाळ हा विषय आपल्या जुन्या वाङ्मयात विरळा, आणि त्याचे कारण उघड आहे: जेथे मुलगी जाणती होण्यापूर्वीच तिचे लग्न लागत असे, तेथे निवड करण्याला आणि ती गमावण्याला अवसरच नव्हता. १९२९ चा शारदा कायदा झाला तेव्हाही मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदाच ठरले. मुली महाविद्यालयांत जाऊ लागल्या, ना. सी. फडक्यांच्या कादंबऱ्यांनी त्या वयातील प्रेमाला घरोघर प्रतिष्ठा दिली, आणि मग पत्रिका, गोत्र, जात आणि हुंडा यांच्या कचेरीत ज्यांचा अर्ज नामंजूर झाला अशा तरुण-तरुणींची पहिली मोठी पिढी निर्माण झाली. त्यांतील बहुतेकांनी दुसरीकडे संसार केले, आणि पुष्कळांनी ते चांगले केले.

युरोपात हा विषय आधी हाताळला गेला. जेन ऑस्टिनची 'पर्स्वेजन' ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. ॲन एलियट एकोणीस वर्षांची असताना, वडीलधाऱ्या हितचिंतक बाईच्या सल्ल्यावरून, निर्धन नौदल अधिकारी वेंटवर्थ याच्याशी ठरलेले लग्न मोडते. आठ वर्षांनी तो युद्धात पंचवीस हजार पौंड मिळवून कॅप्टन होऊन परततो. ती सत्तावीस वर्षांची, कोमेजलेली, घरात कोणाच्या खिजगणतीत नसलेली. इतकी बदलली आहे की आपण तिला ओळखलेही नसते, असे तो म्हणाल्याचे तिच्या कानी येते. शकुंतलेची शंका आणि वेंटवर्थचे हे कठोर उद्गार यांचे मूळ एकच आहे. पुढे सबंध कादंबरीभर तो तिला पाहत राहतो: आजाऱ्याची शुश्रूषा करताना, लाइमच्या धक्क्यावर एक मुलगी पडून बेशुद्ध झाली असता इतर सारे गोंधळलेले असताना शांतपणे हुकूम देताना. जी आज आहे तिच्यावर त्याचे प्रेम बसते, आणि मगच त्याला आपल्या जुन्या रागाची लाज वाटते. ऑस्टिनने समेटाचा प्रसंग प्रथम निराळा लिहिला होता, त्यात दोघांना एका खोलीत आणून त्यांचा गैरसमज झटपट दूर केला होता. तो तिला पसंत पडला नाही आणि १८१६ च्या उन्हाळ्यात तिने तो नव्याने लिहिला. रद्द केलेल्या त्या मजकुराचे हस्तलिखित आजही सुरक्षित आहे. नव्या रचनेत ॲन एका परिचिताशी स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या निष्ठेविषयी बोलत असते, आणि जवळच्या मेजावर पत्र लिहीत बसलेला वेंटवर्थ ते ऐकून, त्याच कागदांत दडवून, तिला दुसरे पत्र लिहितो. दोन आवृत्त्यांतील अंतर मला फार बोधक वाटते: पहिलीत परिस्थिती दोघांना जुळवते, दुसरीत ॲनचा आठ वर्षांत परिपक्व झालेला विचार.

याच्या उलट बाजूला तुर्गेन्येव्ह उभा आहे. त्याच्या १८६७ च्या 'धूर' या कादंबरीत मॉस्कोत इरिनाने सोडून दिलेला लित्विनोव्ह दहा वर्षांनी बाडेन येथे तिला पुन्हा भेटतो. ती आता एका सेनापतीची पत्नी. ज्या फुलांचा गुच्छ त्याने पूर्वी तिला दिला होता, त्याच जातीच्या फुलांचा गंध त्याच्या खोलीत पुन्हा दरवळतो, आणि तेवढ्याने तो विरघळतो. ज्या तात्यानाशी त्याचे लग्न ठरलेले, तिला तो दुखावतो. आणि निघण्याची वेळ येते तेव्हा इरिनाला आपले ऐश्वर्य सुटत नाही. म्हणजे दहा वर्षांपूर्वी जे घडले तेच पुनः घडते. कादंबरीच्या शेवटी खरी दुसरी संधी मिळते ती लित्विनोव्हला, परंतु तात्यानाकडून. फिट्झजेराल्डच्या गॅट्सबीची (१९२५) शोकांतिकाही याच जातीची. भूतकाळ जसाच्या तसा परत आणता येतो असे तो मनापासून मानतो आणि डेझीने मधली पाच वर्षे, नवरा आणि मूल यांसह, आपण कधी प्रेमच केले नाही असे म्हणून पुसून टाकावीत असा हट्ट धरतो. तेवढे मात्र तिला खरेपणाने म्हणता येत नाही. बुनिनची 'अंधाऱ्या वाटा' ही छोटी कथा तर याहून निष्ठुर: वृद्ध अधिकारी प्रवासात एका खाणावळीत उतरतो, तिची मालकीण म्हणजे तीस वर्षांपूर्वी त्याने टाकलेली नादेझ्दा. तो तिला ओळखीत नाही. ती त्याला पाहताक्षणी ओळखते. ती सांगते की तिने त्याला कधीही क्षमा केली नाही. या कथेत बुनिन कोणाचेही सांत्वन करीत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण जो टाकून गेला त्याच्या सोयीने जखम भरत नसते.

भारतीय भाषांत या विषयाची सर्वांत धीट मांडणी मला मन्नू भंडारींच्या 'यही सच है' या हिंदी कथेत आढळते, जिच्यावरून बासू चटर्जींनी १९७४ साली 'रजनीगंधा' हा चित्रपट काढला. मुलाखतीसाठी परगावी गेलेल्या दीपाला पहिला प्रियकर भेटतो, आणि जो क्षण समोर आहे तोच तिला सत्य वाटू लागतो. परत आल्यावर दुसरा क्षण तितकाच सत्य होतो. लेखिका तिला दोषी धरीत नाही. शाळेच्या १९९६ च्या तुकडीतील दोघांची बावीस वर्षांनंतरची एक रात्र रंगविणारा '९६' हा तमिळ चित्रपट (२०१८) आणि सतीश राजवाडे यांचा मराठी 'ती सध्या काय करते' (२०१७) हे दोन्ही लोकांना भावले ते शाळकरी वयाच्या हुरहुरीमुळे. मराठी चित्रपटाचे नाव तर काही काळ बोलीभाषेत रूढ झाले होते. दोहोंत मर्यादा पाळली जाते आणि माणसे आपापल्या घरी परततात. ती हुरहूर खोटी नाही, परंतु भेटीनंतरचा संसार कसा असतो या अवघड प्रश्नाला हे चित्रपट हात घालीत नाहीत.

तो प्रश्न शास्त्रीय पद्धतीने विचारण्याचा यत्न कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ नॅन्सी कॅलिश यांनी केला. जुन्या प्रेमपात्राशी काही वर्षांनंतर पुन्हा नाते जोडणाऱ्या १००१ व्यक्तींकडून त्यांनी प्रश्नावली भरून घेतली आणि १९९७ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. त्यांपैकी ७२ टक्के लोक त्या वेळी आपल्या जुन्या प्रेमपात्राबरोबरच होते. हा आकडा वृत्तपत्रांनी पुष्कळ मिरविला. पण उत्तरे देणारे स्वेच्छेने पुढे आलेले होते, ज्यांचा अनुभव कटू ठरला ते पुढे येण्यास नाखूष असणार, यास्तव त्यावरून सर्वसाधारण भाकीत करणे गैर होईल. मला त्या पाहणीतील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते, ती ही की मूळ ताटातुटीचे सर्वांत मोठे कारण आईवडिलांचा विरोध हे निघाले. स्वभाव न जुळल्याने जे दूर झाले त्यांना पुन्हा तोच स्वभाव भेटतो. ज्यांना इतरांनी दूर केले त्यांच्यातील अडसर काळाबरोबर नाहीसा झालेला असतो. पुढे संगणकाच्या साहाय्याने जुना परिचित शोधणे सोपे झाले, तेव्हा याच बाईंनी सुखाने संसार करणाऱ्यांना बजावले, की केवळ कुतूहलापोटी हे दार उघडू नये. त्यांचे म्हणणे मला सर्वस्वी मान्य आहे. ज्याचा जोडीदार हयात आहे आणि त्या जोडीदाराने त्याच्याशी प्रतारणा केलेली नाही, त्याच्या बाबतीत जुन्या प्रेमाचा हक्क मुदतबाह्य झालेला असतो; संसार खरोखर मोडला असेल तर हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून परस्पर संमतीने विभक्त होण्याची सोय आहे, आणि ती उजळ माथ्याने वापरावी.

उरतात ते विधुर, विधवा आणि एकाकी वृद्ध, आणि या लेखाचा खरा रोख त्यांच्याकडे आहे. मार्केसच्या 'कॉलराच्या काळातील प्रेम' (१९८५) या कादंबरीत फ्लोरेंतिनो आरिसा एकावन्न वर्षे, नऊ महिने आणि चार दिवस थांबतो, आणि फर्मिना दासाच्या वैधव्याच्या पहिल्याच रात्री तिला आपली निष्ठा पुन्हा सांगतो. ती त्याला घराबाहेर घालवते, आणि ते योग्यच करते, कारण तो अजून त्या जुन्या मुलीशी बोलत असतो. तिचे मन वळते ते नंतर, जेव्हा तो प्रेमपत्रांची जुनी भाषा टाकून, टंकलेखन यंत्रावर, आयुष्य, वार्धक्य आणि मरण यांविषयी शांत विचार लिहून पाठवू लागतो. बहात्तर वर्षांच्या विधवेला त्या पत्रांचा उपयोग होतो. त्यांच्या आधाराने ती आपला शोक समजून घेते. ऑस्टिनच्या ॲनप्रमाणे येथेही नव्या माणसाने नव्या माणसाला जिंकले आहे. तरीही या कादंबरीवर माझा एक गंभीर आक्षेप आहे: फ्लोरेंतिनोच्या स्वाधीन केलेल्या अल्पवयीन मुलीची त्याच्याकडून झालेली दुर्दशा आणि तिचा आत्मघात यांचा जाब लेखकाने त्याला पुरेसा विचारलेला नाही, आणि वृद्धाच्या निष्ठेचे कौतुक करणाऱ्या समीक्षकांनीही तिकडे डोळेझाक केली.

त्याच कादंबरीत फर्मिनाची मुलगी म्हणते, की या वयातील प्रेम ओंगळ आहे. आणि आई तिला घराबाहेर काढते. तरुणपणी बापाने अडविले, म्हातारपणी लेकीने. आपल्याकडे अशी घरे कमी नाहीत. मुलांच्या विरोधाला लोकलज्जेचे नाव दिले जाते, परंतु बहुधा तळाशी मिळकतीची चिंता असते, आणि ती निराधार नाही: हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसल्यास, नव्याने लग्न करून आलेली पत्नी मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस होते, आणि स्त्रीच्या मिळकतीत तिच्या मुलांबरोबर नव्या पतीचाही हिस्सा निघतो. म्हणून पुष्कळ ज्येष्ठ नागरिक लग्नाची नोंद न करता एकत्र राहणे पत्करतात; पुण्यात माधव दामले यांनी २०१२ साली अशा ज्येष्ठांसाठी मंडळच स्थापन केले. यांतील कित्येकांना हवा असलेला जोडीदार नवखा नसून एके काळी जातीपायी किंवा पत्रिकेपायी नाकारला गेलेला असू शकतो, आणि अशा दोघांना दुसऱ्यांदा नाकारणे हा दुहेरी अन्याय आहे.

त्यावर उपाय दुर्मिळ नाहीत. स्वकष्टार्जित मिळकतीचे नोंदणीकृत मृत्युपत्र लग्नापूर्वीच करून मुलांना वाचून दाखवावे. राहत्या घरात मागे राहणाऱ्याला हयातीपर्यंत राहण्याचा हक्क त्यातच लिहावा. वडिलोपार्जित हिश्श्याचा फैसला आधी करून घ्यावा. मुले ज्या गोष्टीला भितात तिची अशी तजवीज झाली, की त्यांच्या विरोधातील बराचसा भाग गळून पडतो, आणि उरलेल्या भागाशी आईवडिलांनी भवभूतीच्या अरुंधतीसारख्या कोणा वडीलधाऱ्याच्या साक्षीने उघड बोलावे. एक अडथळा मात्र कुटुंबाच्या हाती नाही. विधवेला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे मृत्यू किंवा पुनर्विवाह यांपैकी जे आधी घडेल तेथवरच चालू राहते. अपत्यहीन विधवेला केंद्राच्या नियमांत काही अटींवर सवलत आहे. १८५६ च्या विधवाविवाह कायद्याने विधवेला लग्नाची मोकळीक दिली, पण पहिल्या पतीच्या मिळकतीवरचा तिचा हक्क काढून घेतला. तो कायदा १९८३ मध्ये रद्द झाला, तरी त्याची ही अट निवृत्तिवेतनाच्या दप्तरात अद्याप नांदते आहे. पासष्ट वर्षांच्या बाईला पहिल्या प्रेमाच्या माणसाशी नाव जोडण्यासाठी आपल्या दरमहाच्या भाकरीवर पाणी सोडावे लागू नये, यासाठी साठीनंतरच्या पुनर्विवाहापुरती तरी ही अट सरकारने काढून टाकावी, अशी मागणी ज्येष्ठ नागरिकांच्या संघांनी आता लावून धरली पाहिजे.